माडगं कडू का होतंय? (घाटमाथ्यावरची पहिली थंडी)

परतलेली
रविवार, रात्री ९:४०

बावीस वर्षं पुण्यात काढून या मे महिन्यात आम्ही दोघं गावी परतलो. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, गोव्याकडं उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या वाटेवर. सासूबाई इथं एकट्याच होत्या. आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणतो.

पावसाळ्याची धास्ती सगळ्यांनी घातली होती आणि ती खोटी नव्हती. याच तालुक्यातल्या आमगावात २०१० साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला होता, त्याच पावसाचा धाकटा भाऊ आमच्या कौलांवर नाचून गेला. पण पावसाळ्यात काय करायचं ते ठरलेलं असतं. लाकडं आधी भरायची, पडवीला झडपं बांधायची, गप्प बसायचं. थंडीचं मात्र मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सुगी संपली, मळण्या झाल्या, पिंजर (भाताचा पेंढा) रचून झालं आणि गाव एकदम मुकं झालं. सहाला अंधार, साडेसातला जेवणं, आठला कुत्रीसुद्धा राखेत. रस्त्यावरून गोव्याच्या गाड्या जातात तेवढाच आवाज. पहाटे खालच्या खाचरात धुकं भरतं ते नऊपर्यंत हलत नाही. गरम पाण्यासाठी शहरातून गीझर आणला होता. इथल्या व्होल्टेजला तो चौथ्या दिवशी बसला, दुकानदार म्हणे "तुमच्या गावची वीज बदला". आता परसात तांब्याचा बंब पेटतो आणि घरातली सगळी माणसं काही ना काही निमित्त काढून त्याच्याभोवती उभी असतात.

तर प्रश्न असा. आजेसासूंच्या हातच्या हुलग्याच्या (कुळथाच्या) माडग्याचं, म्हणजे त्या पिठाच्या गरम दाट पेयाचं, नाव अजून गावात निघतं. त्या जाऊन सोळा वर्षं झाली, तरी भावकीतलं कुणी आलं आणि थंडीचा विषय निघाला की "काकींचं माडगं" येतंच. मी तीनदा केलं. हुलगे कढईत खमंग भाजले, मिक्सरला लावले, चाळले. पीठ पाण्यात कालवलं, उकळीत सोडलं, गूळ, सुंठ, वेलची, वरून ओलं खोबरं. गाठ एक नाही, रंग झकास. पण गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडू. आत्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "औषध चांगलं झालंय."

कुठं चुकतंय?

कुंदाप्रेमी
रविवार, रात्री ९:५२

बेळगावच्या थंडीचा धागा आणि बेळगावी मिठाई कुंदा नाही? निषेध!

संकेश्वरी_तिखट
रविवार, रात्री १०:१५

कुंदा बारा महिने मिळतो हो, तुम्ही गप बसा जरा.

ताई, भाजणं चुकलंय. हुलगा मुळातच तांबूस-काळपट, तो करपला तरी डोळ्याला कळत नाही. शेंगदाण्यासारखा रंग बघून भाजायला गेलात की संपलं. आमच्या आईचं असं होतं की हुलगा कानानं भाजायचा. आधी तडतड वाढते, मग ती विरळ होते. विरळ झाली की एक दाणा दाताखाली धरायचा. कट्कन फुटला की कढई खाली. आणि खाली उतरली तरी कढई तापलेलीच असते, म्हणून लगेच परातीत पसरायचं. गॅस मोठा ठेवला होता का?

परतलेली
रविवार, रात्री १०:३१

होता. :( पुण्याची सवय, सगळं आठ मिनिटांत पाहिजे.

जातं_आणि_पाटा
सोमवार, सकाळी ७:०५

भाजण्याचं बरोबर आहे पण अर्धंच. मिक्सरला लावलंत म्हणजे साल पण आत गेली. हुलग्याच्या सालीत तुरटपणा असतो. पूर्वी भाजलेले हुलगे आधी जात्यावर नुसते भरडायचे, सुपात घेऊन साल पाखडून टाकायची, आणि राहिलेली डाळ मग बारीक दळायची. ही मधली पायरी मिक्सरनं खाल्ली. जातं नसेल तर मिक्सर दोनदा फक्त टक् टक् फिरवा, पाखडा, मग बारीक करा. सूप येतं ना पाखडायला? विचारते कारण माझ्या सुनेला येत नाही, सगळं अंगावर घेते. :)

खाचरातला
सोमवार, सकाळी ८:२०

माडग्यातलं मला कळत नाही, पिण्यातलं कळतं. पण धुक्याबद्दल लिहितो, कारण आमचं घर तुमच्या त्या "खालच्या खाचरात" आहे. (तुमच्या म्हणजे तुमच्याच असं नाही, तसल्याच.)

लोकांना वाटतं जितकं उंच तितकं गार. दिवसा ठीक आहे. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवा गार होते, गार हवा जड, ती उतारावरून पाण्यासारखी वाहत खाली येते आणि खाचरात साचते. त्यात भाताच्या कापणीनंतरची ओल. म्हणून टेकाडावरच्या घरात पहाटे स्वेटर पुरतो आणि आम्हाला वर घोंगडं लागतं. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी त्याहून थोडं वर. आकड्यात फारसा फरक नाही, पण कणकुंबीकडच्या एखाद्या दरडीच्या पोटातल्या घरात डिसेंबरात एक रात्र झोपून बघा. गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते बेळगावला, आमच्या खाचराला नाव ठेवायला अजून कुणी धजलं नाही.

जुनी घरं बघा, सगळी चढावर आहेत. तळात फक्त शेतं. आमच्या आज्यानं भावाशी भांडून तळातली जागा घेतली, त्याचं फळ आम्ही तिसऱ्या पिढीत भोगतोय.

तिलारीकर
सोमवार, दुपारी १:४४

चंदगडकडून राम राम. सरकारी नकाशात आम्ही महाराष्ट्रात, थंडीच्या नकाशात तुमच्यातच.

आमच्याकडं माडगं गोड कमी, तिखटाचं जास्त. लसूण ठेचून, जिरं, एखादी सुकी मिरची, मीठ, वर ताक. गोड खायचं तर सकाळी, तिखट रात्री. नाचण्याची भाकरी कुस्करून त्यात. झोप अशी लागते की गवे शेतात येऊन वाटाणा खाऊन गेले तरी कळत नाही. (खरोखर गेले. मागल्या आठवड्यात. पाऊण गुंठा साफ.)

पण थंडीतला राजा कोण म्हणाल तर मसूर. आपल्याकडं भात निघाला की त्याच वाफ्यात, राहिलेल्या ओलीवर मसूर-वाटाणा-हरभरा टाकतात, वेगळं पाणी नाही. तो गावठी मसूर दाण्यानं बारका, पण शिजला की दाट. नवा दाणा निघायला अवकाश असतो, तोवर गेल्या सालचा पुरवून खायचा. माझ्या मते आख्खा मसूर कुकरला लावणं म्हणजे गुन्हा. चुलीवर एक उकळी आणायची, फेस काढायचा आणि भांडं वैलावर (चुलीच्या जोडीच्या, मंद उबेच्या तोंडावर) सारायचं. जाळ पुढं, मसूर मागं. तीन तासांनी दाणा आख्खा आणि आतून लोणी. फोडणीला कांदा-लसणाची चटणी, बाकी काही नको. टोमॅटो तर नकोच नको.

परतलेली
सोमवार, दुपारी २:१०

वैल! तिलारीकर, आमच्या चुलीला वैल आहे हे मला आत्ता तुमच्यामुळं कळलं. मी त्यावर भांड्यांचा साबण ठेवते.

बावची_गल्ली
सोमवार, दुपारी ३:०२

😂😂

संकेश्वरी_तिखट
सोमवार, सायंकाळी ६:३०

टोमॅटोवरून भांडण नको, आमच्यात घालतात.

चटणीचं म्हणाल तर नुसती संकेश्वरी मिरची घेऊ नका, डोळ्यातून पाणी काढते. तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. निम्मं-निम्मं सांगणारे भेटतील, आमच्यात एक संकेश्वरीला दोन ब्याडगी. चटणी थंडीत करू नये, उन्हाळ्यातलीच वापरावी, कारण खोबरं-लसूण नीट वाळत नाही आणि मग बुरशी. मी एकदा केली, अख्खी बरणी उकिरड्यावर गेली.

निवृत्त_कंपाउंडर
सोमवार, रात्री ८:१५

एक गंभीर गोष्ट. मध्येच लिहितोय, माफ करा. दरवर्षी या दिवसांत लोक कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, दारं-खिडक्या लावून झोपतात. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, माणसाला वाटतं झोप आली. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटीतून हवा खेळायची, म्हणून आज्ज्यांचं निभावलं. आता स्लॅब आणि सरकत्या काचेच्या खिडक्या. शेगडी ओट्यावर, पडवीत, कुठंही घ्या. निजायच्या खोलीत नको. म्हातारी माणसं "मला काय होतंय" म्हणतील, त्यांचं ऐकू नका.

परतलेली
सोमवार, रात्री ८:४०

बरं झालं लिहिलंत काका. आत्यांच्या खाटेखाली घमेल्यात निखारे असतात रोज. आजपासून बाहेर. भांडण होणार आहे.

परतलेली
मंगळवार, सकाळी १०:२०

भांडण झालं. तह असा ठरला की घमेलं नऊपर्यंत खोलीत, दार उघडं ठेवून, आणि निजताना बाहेर. बदल्यात त्यांना दोन वाकळा जास्त. त्यातली एक माझ्या लग्नातल्या साडीची निघाली. मला न विचारता शिवली होती, २००८ साली. त्यावर वेगळा धागा काढीन.

माडगं चौथ्यांदा केलं. मंद आचेवर भाजलं, कानानं. भरडलं, पाखडलं (निम्मं अंगावर), दळलं. कडू अजिबात नाही! संकेश्वरी ताई, जातं ताई, दोघींना दंडवत.

पण आत्या प्याल्या, वाटी खाली ठेवली, म्हणाल्या, "आता माडगं झालं. आमच्या सासूचं न्हवं ते."

म्हणजे अजून काहीतरी राहिलंय. काय, ते त्यांना सांगता येत नाही. "ते जिभेला धरायचं, हे नुसतं जातंय खाली," एवढंच.

रताळं_किंग
मंगळवार, सकाळी ११:०५

नारळाचं दूध?

परतलेली
मंगळवार, सकाळी ११:१२

विचारलं. "एवढा नारळ कुठनं आणायचा त्या वेळी" म्हणाल्या.

रताळं_किंग
मंगळवार, सकाळी ११:४०

मग मला माहीत नाही. मी माझ्या विषयावर येतो.

बेळगाव, खानापूर, चंदगड हा पट्टा रताळ्याचा. आमच्या गावातून गाड्या भरून मुंबईपर्यंत माल जातो, उपासाच्या दिवसांत भाव बघावा. पण विकायचं रताळं आणि खायचं रताळं वेगळं. विकायचं गुळगुळीत, लांबट, धुतलेलं. खायचं म्हणजे काढताना विळा-कुदळ लागून तुटलेलं, व्यापारी घेत नाही ते. तुटलेली रताळी चार-पाच दिवस तशीच पडवीत ठेवायची, गोडी वाढते. मग रात्री खळ्यावर, मळणीचं उरलेलं पिंजर आणि गोवऱ्या पेटवायच्या, जाळ पूर्ण खाली बसू द्यायचा आणि राखेच्या पोटात रताळी पुरायची. जाळात टाकाल तर वरून कोळसा आत कच्चं. तासभर कुणी राख उकरायची नाही. आमच्यात यासाठी एक म्हातारा काठी घेऊन बसवलेला असतो.

काढलं की दोन्ही हातात उडवत उडवत फोडायचं. साल सुटी होते, आतनं मधासारखा चीक येतो, हाताला चिकटतो. वर म्हशीचं लोणी. सोबत हिरव्या मिरचीचा खर्डा. गोड-तिखट एकत्र कसं, असं पुण्यातला पाहुणा विचारत होता, त्याला तिसऱ्यांदा वाढावं लागलं.

कुंदाप्रेमी
मंगळवार, दुपारी १२:००

बरं कुंदा नको. करदंट तरी? गोकाकचा? त्यात डिंक असतो, म्हणजे थंडीचाच झाला. कन्नडात अंटू म्हणजे डिंक, तळलेला डिंक म्हणून करदंट. बघा, माहितीपूर्ण प्रतिसाद दिला.

संकेश्वरी_तिखट
मंगळवार, दुपारी १२:०४

हा चालतंय. बसा.

ओली_वाट
मंगळवार, दुपारी ४:५०

मी नुसती वाचत होते पण हरभऱ्याच्या पाल्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं.

शेंडे खुडायचे ते फुलं यायच्या आधी. खुडले की झाड उलट जास्त फुटतं, त्यामुळं शेतकरीही ओरडत नाही. पहाटे खुडायला गेलात तर पानांवर दव असतं, ते साधं दव नसतं, आंबट असतं. हरभऱ्याच्या पानांना आंब सुटते. माझी आज्जी पहाटे पांढरं धोतर हरभऱ्यावरून ओढत न्यायची, ते ओलं झालं की बाटलीत पिळायची, वर्षभर पोटदुखीला. ती आंब बोटांच्या भेगांत गेली की असं झोंबतं की विचारू नका. थंडीनं भेगा पडलेल्या असतातच. तरी आम्ही पोरी हातात ओंजळभर पाला घेऊन तिथंच मीठ लावून खायचो.

भाजी करताना मीठ शेवटी आणि निम्मं. पाला स्वतःच खारट-आंबट. शिजवून, घोटून, ज्वारीचं किंवा तांदळाचं पीठ लावून, वर लसणीची फोडणी. तांदळाची भाकरी. पाला वाळवून पण ठेवतात, पावसाळ्यात कामाला येतो.

@परतलेली, तुमच्या आजेसासू माडगं रात्री कालवून ठेवायच्या का? आमच्या आज्जीचं सगळंच आदल्या रात्रीचं असायचं. "सकाळी करायला वेळ कुणाला" म्हणायची. "जिभेला धरतं" म्हणजे मला आंबट वाटतंय.

परतलेली
मंगळवार, रात्री ९:५५

ओली वाट, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही पण तुमच्या पायाचा फोटो पाठवा, नमस्कार करते.

जेवताना आत्यांना विचारलं. आधी म्हणाल्या, "छे, माडगं कुठं रात्रीचं." मग घास हातात धरून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई निजायच्या आधी एका मडक्यात पेज ठेवायच्या, वैलावर, राखेच्या उबेला. उकड्या तांदळाची. "मला वाटायचं वासराला ठेवतात. मी नवी होते, विचारायची सोय न्हवती." आणि आजेसासू उठायच्या चारला. आत्या उठेपर्यंत माडगं चुलीवर असायचं. म्हणजे करताना कुणी बघितलंच नाही.

बावन्न वर्षांनी या बाईंना मडक्याचा आणि माडग्याचा संबंध लागला. मग म्हणाल्या, "आणि मला एका शब्दानं सांगितलं न्हाई." रागावल्यात. गेलेल्या सासूवर.

तिलारीकर
मंगळवार, रात्री १०:०५

वैल!!! मी पहिल्यापासून सांगतोय.

परतलेली
मंगळवार, रात्री १०:०९

तुम्ही मसुराचं सांगत होता.

तिलारीकर
मंगळवार, रात्री १०:१०

तत्त्व तेच.

परतलेली
बुधवार, सकाळी ९:३०

केलं. साबण हलवला, वैल पुसला. रात्री पेज मडक्यात, झाकण ठेवून राखेच्या कडेला. पहाटे बोट बुडवून बघितलं, कोमट आणि हलकी आंबूस. ताकाइतकी नाही. पीठ त्यात कालवलं, चुलीवर उरलेल्या पेजेलाच उकळी आणून त्यात सोडलं. गूळ नेहमीपेक्षा थोडा जास्त. सुंठ. वेलची नाही, आत्या म्हणाल्या तेव्हा वेलची कुठली.

घट्ट झालं. पळीवरून उतरताना मागं तार सोडत होतं, पाण्यातलं तसं कधी सोडत नव्हतं. पेजेतली शितं विरघळून दाट करतात, आंबटपणामुळं गूळ उठतो आणि पोटात गेल्यावर मागं चव राहते. जिभेला धरतं.

आत्या वाटी दोन्ही हातात धरून बंबाजवळ बसल्या. काही बोलल्या नाहीत. वाटी रिकामी करून पुढं केली. मी परत भरली. दुसरी पण संपल्यावर म्हणाल्या, "गूळ जरा कमी घालायच्या त्या." म्हणजे झालं.

जातं_आणि_पाटा
बुधवार, सकाळी ९:५०

वा ग बाई. डोळ्यात पाणी आलं. प्रमाण लिहा आता नीट.

परतलेली
बुधवार, सकाळी १०:१५

चौघांना: पीठ एक ओंजळ (माझी, लहान आहे), पेज सहा ओगराळी (मोठे डाव), त्यातली दोन कालवायला. गूळ लिंबाएवढा. सुंठ चिमूट. पीठ कालवताना पेज कोमटच हवी, गरम असली तर गाठी. कुकरच्या भाताला पेज निघत नाही, भात उघड्या भांड्यात मोकळ्या पाण्यात शिजवून निवळायला लागेल. गॅसवाल्यांनी मडकं बंद ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवावं असं माझ्या मुलीचं म्हणणं, तिनं अजून केलेलं नाही.

रताळं_किंग
बुधवार, सकाळी १०:४०

एक शंका. आत्या रोज उकडा भात करतात तर पेज रोज निघतच असणार. मग मे महिन्यापासून ती जात कुठं होती?

परतलेली
बुधवार, सकाळी १०:५२

म्हशीच्या बादलीत. रोज, न चुकता, मीच ओतायचे.

आज तिची बादली नुसत्या पाण्याची गेली. तिनं हुंगलं, माझ्याकडं बघितलं आणि शिंगानं बादली गोठ्याच्या दारापर्यंत ढकलून दिली. दूध पाऊण लिटर कमी निघालंय. आत्या म्हणतात उद्यापासून तांदूळ मूठभर जास्त टाक.